एका हातात पिंड, दुसऱ्या हातात हिशेबाची वही

औंढा नागनाथच्या देवळाकडे थोडं लांबून पाहिलं, की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. देवळाचा खालचा भाग काळ्या दगडाचा. त्यावर हत्ती आहेत, देव-देवता आहेत, नाजूक नक्षी आहे. वरचा भाग मात्र वेगळाच. तिथे विटा-चुन्याचं, पांढुरकं आणि साधं काम आहे. जणू एकाच अंगावर दोन लुगडी! खालचं बांधकाम यादवांच्या काळातलं, म्हणजे सात-साडेसातशे वर्षांपूर्वीचं. पुढे देवळाची पडझड झाली आणि कितीतरी वर्षांनी वरचा भाग नव्याने उभा राहिला. या जीर्णोद्धाराचं श्रेय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या एकाच बाईला दिलं जातं. ती बाई म्हणजे अहिल्याबाई होळकर.

मैत्रिणींनो, श्रावणात आणि महाशिवरात्रीला आपण औंढ्याला जातो. रांगेत उभ्या राहतो, अंग चोरून गाभाऱ्यात उतरतो, बेल वाहतो आणि परत येतो. पण एक प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. अहिल्याबाई राहत होत्या नर्मदेकाठी महेश्वरला. तिथून औंढा सरळ रेषेत मोजलं तरी तीनशे किलोमीटरच्या वर भरतं. आपला मुलूख त्यांच्या राज्यात नव्हता. मग अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका विधवा बाईकडे इतक्या लांब देऊळ उभारायला पैसा आला कुठून? तो खर्च करायला तिला कोणाची परवानगी लागली नाही का? आणि तिने त्याचा हिशेब कसा ठेवला?

या प्रश्नांची उत्तरं शोधायला लागलं, की फोटोतल्या हातावर पिंड घेतलेल्या शांत चेहऱ्यामागची खरी बाई दिसायला लागते.

अहिल्येचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. पूर्वी आपण जिल्ह्याचं नाव अहमदनगर म्हणायचो. २०२४ मध्ये त्या जिल्ह्याला अहिल्यानगर हे नाव मिळालं. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील, धनगर समाजातले. घर खाऊनपिऊन सुखी, पण राजवाडा वगैरे काही नाही. त्या काळी मुलीच्या हातात पाटी देणं म्हणजे लोकांच्या डोळ्यावर येण्यासारखंच. पण माणकोजींनी लेकीला लिहायला-वाचायला शिकवलं. पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीवर उभा आहे. अक्षर ओळख नसती तर पुढे कागद वाचता आला नसता, आणि कागद वाचता आला नसता तर दिवाणाने दाखवलं तिथे अंगठा उठवावा लागला असता!

पेशव्यांचे मोठे सरदार मल्हारराव होळकर एकदा चौंडीच्या वाटेने जात होते. तिथल्या देवळात त्यांनी या चुणचुणीत मुलीला पाहिलं आणि आपल्या एकुलत्या एक मुलासाठी, खंडेरावासाठी मागणी घातली, अशी आठवण सांगितली जाते. लग्न झालं तेव्हा अहिल्या आठ-दहा वर्षांची पोर होती. माळव्यातलं परकं घर, परकी बोली, आणि सासरा रात्रंदिवस स्वारीवर. पण या घरात तिला सासू मोठी भेटली.

गौतमाबाई हे नाव आपल्याला फारसं माहीत नसतं. मल्हाररावांची ही पत्नी मोठी खमकी होती. १७३४ मध्ये बाजीराव पेशव्यांनी होळकरांच्या सरदारकीपासून वेगळी अशी काही जहागीर खास गौतमाबाईंच्या नावाने दिली. तिला खासगी म्हणत. महेश्वर, हरसोला, सांवेर, देपालपूर असे महाल त्यात होते आणि वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आसपास होतं. सरदारकीचा पैसा फौजफाट्याला, खासगीचा पैसा घरच्या बाईच्या हाताखाली. दोन्हींचे कारकून वेगळे, दोन्हींच्या वह्या वेगळ्या. नवऱ्याला लढाईत कितीही कर्ज झालं तरी खासगीची पेटी ही वेगळी पेटी होती.

आपण घरात डब्यात, तांदळाच्या डेऱ्यात, लुगड्याच्या घडीत चार पैसे बाजूला ठेवतो ना? त्याचंच हे सरदारघराण्यातलं रूप समजा. फरक एवढाच, की आपले पैसे चोरून ठेवलेले असतात आणि गौतमाबाईंच्या पैशावर सरकारी मोहोर होती. बाईच्या नावावर, उघडपणे, कागदावर! सासूच्या शेजारी बसून अहिल्येने हा कारभार पाहिला. महसूल कधी येतो, दुष्काळात किती सूट द्यायची, कारकून कुठे हात मारतो, हे सगळं तिला या घरातच शिकायला मिळालं.

१७४५ मध्ये मुलगा मालेराव झाला आणि १७४८ मध्ये मुलगी मुक्ता. संसार सुरू झाला खरा, पण खंडेराव ऐषआरामी स्वभावाचे होते. कारभारात त्यांचं लक्ष कमीच. त्यातच १७५४ साल उजाडलं. राजस्थानात भरतपूरजवळ कुंभेर नावाचा सूरजमल जाटाचा किल्ला आहे. मराठ्यांनी त्याला वेढा घातला होता. त्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव पडले. अहिल्याबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या.

त्या सती जायला निघाल्या. त्या काळी मोठ्या घराण्यात तेच अपेक्षित होतं. खंडेरावांच्या इतर बायका सती गेल्याही. पण मल्हाररावांनी या सुनेला अडवलं. आपला मुलगा गेला, आता तूच आमचा मुलगा, तूही गेलीस तर या म्हाताऱ्या-म्हातारीने आणि या दौलतीने कोणाकडे पाहायचं, अशा अर्थाने ते तिच्यापुढे रडले. अहिल्याबाई थांबल्या. थांबल्या म्हणजे नुसत्या जिवंत राहिल्या असं नाही. पांढरी वस्त्रं नेसून कोपऱ्यात बसायचं आयुष्य त्यांनी घेतलं नाही, आणि सासऱ्यानेही ते त्यांना दिलं नाही. लोक काय म्हणतील याचा विचार करत बसले असते, तर मल्हाररावांनी सुनेला देवघराच्या बाहेर येऊ दिलं नसतं. त्यांनी तिच्याकडे दौलतीच्या किल्ल्या दिल्या.

मल्हारराव स्वारीवर असताना मागचा कारभार अहिल्याबाई पाहू लागल्या. वसुली, फौजेला रसद, पत्रव्यवहार सगळं त्यांच्याकडे. १७६५ मधल्या एका पत्रात मल्हाररावांनी सुनेला ग्वाल्हेरकडे जायला, मुक्काम करून तोफांचा आणि दारूगोळ्याचा बंदोबस्त करायला सांगितलेलं आहे. म्हणजे सासरा सुनेला पत्रातून लोणच्याचं विचारत नव्हता, तोफगोळ्यांचं विचारत होता! त्याआधी १७६१ साली पानिपतचा घाव बसला. त्याच वर्षी गौतमाबाई गेल्या आणि खासगी अहिल्याबाईंकडे आली. सासूचं स्त्रीधन सुनेकडे आलं.

पुढची दोन वर्षं मात्र कोणावर येऊ नयेत अशी होती. मे १७६६ मध्ये आलमपूरला मल्हारराव गेले. नातू मालेराव गादीवर आला, पण त्याची तब्येत आणि मन दोन्ही ठिकाणावर नव्हतं. वर्ष पुरं व्हायच्या आत, १७६७ मध्ये तोही गेला. अहिल्याबाईंनी न्यायासाठी स्वतःच्या मुलाला रथाखाली चिरडायची शिक्षा दिली, अशी एक गोष्ट भाषणांतून आणि आता मोबाइलवरून फिरत असते. ती ऐकायला भारी वाटते, पण खरी नाही. मालेराव आजारपणात गेला आणि त्याची आई त्याच्या उशाशी होती. त्यांचा मोठेपणा दाखवायला असल्या खोट्या गोष्टीची काहीच गरज नाही.

आता घरात पुरुष वारस उरला नाही. असं झालं की काय होतं, हे आपल्याला सांगायला नको. दहावा-तेरावा व्हायच्या आत भाऊबंद जमिनीचं काढतात. इथे तर अख्खं राज्य होतं. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी मसलत मांडली, की कोणीतरी लहान मूल दत्तक घ्या, बाईंनी देवधर्म करावा, कारभार आम्ही बघतो. ही भाषा ओळखीची वाटते ना? गोड बोलून काढून घेण्याची ही जुनी रीत आहे. अहिल्याबाईंनी साफ नकार दिला. एका राजाची मी सून, एकाची आई, आता तिसऱ्या कोणाला गादीवर बसवून त्याच्या नावावर तुम्ही राज्य करायचं, हे चालणार नाही, असा त्यांचा रोख होता.

दिवाणाने राघोबादादा पेशव्यांना चिथावलं. ते फौज घेऊन क्षिप्रेकाठी उज्जैनजवळ येऊन थांबले. अहिल्याबाईंनी इथे जे केलं, ते कुठल्याही राजकारण्याने शिकावं. एकीकडे त्यांनी महादजी शिंदे, गायकवाड, भोसले अशा सरदारांना पत्रं धाडून मदत मागितली. दुसरीकडे पुण्याला माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू कागदावर मांडली. तिसरीकडे तुकोजी होळकरांना फौजेसह सज्ज केलं आणि स्वतः बायकांची तुकडी तयार केली. मग राघोबांना निरोप गेला. त्याचा मतलब असा, की बायकांशी लढून जिंकलात तर त्यात कीर्ती नाही, आणि हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही. राघोबा समजायचं ते समजले. आपण तर पुत्रशोकाचं सांत्वन करायला आलो होतो, असं म्हणून पालखीतून भेटायला आले! माधवरावांनी बाईंच्या हक्काला मान्यता दिली. १७६७ पासून अहिल्याबाई राज्याच्या धनी झाल्या. फौज तुकोजींकडे आणि राज्यकारभार बाईंकडे, अशी वाटणी झाली.

अशी वेळ जगात अनेक बायकांवर आली आहे. युरोपच्या उत्तरेला, डेन्मार्क-नॉर्वे-स्वीडन या थंड मुलखात, आपल्या नर्सीचे नामदेव आणि गंगाखेडची जनाबाई यांच्याच काळात बिर्गिट्टा नावाची एक सरदारघराण्यातली बाई होऊन गेली. आठ लेकरांची आई. १३४४ मध्ये नवरा वारला. तिने देवधर्माचा मार्ग धरला, पण कोपऱ्यात बसून नाही. राजाला आणि थेट पोपलाही ती चार शब्द सुनवायची. वाडस्टेना इथे तिच्या पंथाचा मठ झाला आणि तिथल्या साधू-साध्वी दोघांवरही मुख्य म्हणून बाईच असे. १३७३ मध्ये ती गेली, १३९१ मध्ये तिला संतपद मिळालं. तिच्याच मुलीने जिला लहानपणी सांभाळून वळण लावलं, ती मार्गारेट पुढे राणी झाली. तिची कहाणी तर अहिल्याबाईंसारखीच. १३८० मध्ये नवरा गेला, १३८७ मध्ये एकुलता एक मुलगा गेला, आणि मग तिने स्वतः राज्य हाती घेऊन १३९७ मध्ये तिन्ही देश एका छत्राखाली आणले. देश वेगळे, धर्म वेगळे, चारशे वर्षांचं अंतर. पण बाईला सत्ता मिळाली ती दोनच वाटांनी. एक वाट वैधव्याची, दुसरी देवाच्या नावाची. अहिल्याबाईंनी या दोन्ही वाटा एकत्र चालून दाखवल्या. त्यांची भक्ती खरी होती, यात शंका नाही. पण त्या भक्तीमुळेच कोणाला त्यांच्याकडे बोट दाखवता आलं नाही, हेही तितकंच खरं.

राजधानी त्यांनी महेश्वरला आणली. नर्मदेचे घाट, किल्ला, देवळं हे सगळं आपण सिनेमात पाहतो. राहायचा वाडा मात्र साधा, बैठकही साधी. त्यांच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांनी जॉन माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी माळव्यात आला. त्याने म्हाताऱ्या-कोताऱ्यांना विचारून अहिल्याबाईंच्या आठवणी जमवल्या आणि १८२३ मध्ये पुस्तकात छापल्या. त्यातून त्यांचा दिवस कळतो. सूर्योदयाआधी उठायचं, पूजा, पुराण ऐकणं, दानधर्म, गोरगरिबांना जेवण, मग स्वतःचं साधं शाकाहारी जेवण. थोडी विश्रांती घेऊन दुपारी दोनच्या सुमारास दरबारात, ते दिवस मावळेपर्यंत. पुन्हा संध्याकाळची पूजा आणि फराळ झाला, की रात्री नऊपासून अकरापर्यंत काम. दरबार उघडा, पडदा नाही. कोणीही यावं आणि आपलं गाऱ्हाणं सांगावं. वर्षानुवर्षं हाच क्रम!

शेतसारा बेताचा ठेवला. गावच्या लोकांचे जुने हक्क पाळले. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. आधी कडक बंदोबस्त केला, पण नुसत्या मारण्याने पोट भरत नाही हे बाईंना कळत होतं. म्हणून त्यांनी त्यांना कसायला जमीन दिली आणि रस्त्याने जाणाऱ्या मालावर भिलकवडी नावाचा छोटा कर घ्यायची मुभा दिली. बदल्यात त्या रस्त्यावर चोरी झाली तर जबाबदारी त्यांची. महेश्वरला बाहेरून विणकर आणून वसवले, त्यांना घरं आणि काम दिलं. आज आपण लग्नाकार्याला हौसेने घेतो ती महेश्वरी साडी तिथलीच. देवळाने गावाला पुण्य मिळतं, पण मागाने घराला भाकरी मिळते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. त्या काळी एखादा माणूस मूलबाळ नसताना वारला, तर त्याच्या मालमत्तेवर सरकारचा डोळा असे. विधवेला दत्तक घ्यायचा असेल तर मोठा नजराणा मोजावा लागे. नाहीतर सगळं सरकारजमा. अहिल्याबाईंनी हे बंद केलं. विधवेने आपल्या मर्जीने दत्तक घ्यावा, आपली मालमत्ता आपण सांभाळावी, सरकार त्यात हात घालणार नाही. एका प्रकरणात अधिकाऱ्याने नजराणा ठरवला होता, तो बाईंनी सोडायला लावला. देवीचंद नावाचा इंदूरचा श्रीमंत सावकार निपुत्रिक वारला, तेव्हा खुद्द तुकोजी होळकरांनी त्याच्या पैशात वाटा मागायचं मनात आणलं. सावकाराची बायको महेश्वरला अहिल्याबाईंकडे आली. बाईंनी तिला मानाची वस्त्रं देऊन तिचा हक्क कायम केला आणि तुकोजींना तिथून निघून जायला फर्मावलं. आपल्याच सेनापतीला! खरगोणच्या दोन धनवान भावांच्या विधवा तर आपली सगळी संपत्ती घेऊन बाईंच्या पायाशी आल्या. बाईंनी एक रुपया घेतला नाही. तुमच्या पैशाने तुमच्याच गावात लोकांच्या उपयोगाचं काहीतरी करा, असं सुचवलं. त्यातून तिथे नदीवर घाट झाला, देऊळ झालं.

स्वतः विधवा असलेल्या बाईने दुसऱ्या विधवेच्या हक्काची राखण केली. त्यांच्या हातावरच्या पिंडीला आपण नमस्कार करतो, पण त्यांच्या या निवाड्यांची आठवण जयंतीच्या भाषणात फारशी कोणी काढत नाही.

बचत गटाच्या निमित्ताने मी आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावी फिरते. एकट्या बायका भेटतात. कोणाचा नवरा आजाराने गेला, कोणाचा अपघातात, कोणाचा कर्जापायी. कुंकू पुसलं जातं त्याच दिवशी बाई वावरातूनही पुसली जाते. दीर म्हणतो, मी करतोच की वहिनी, तुम्ही कशाला कागदाच्या भानगडीत पडता. भाऊ म्हणतो, ताई, माहेर हवं असेल तर हक्कसोडपत्रावर सही कर. कायदा मात्र वेगळं सांगतो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला मुलांच्या बरोबरीने वारस धरलं आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतकाच, जन्मापासून हक्क दिला आहे. कायदा आपल्या बाजूने आहे, पण अहिल्याबाईंसारखी कागद वाचून उभी राहणारी बाई घरोघरी कुठून आणायची? ती आपल्यालाच व्हावं लागतं.

आता देवळांच्या पैशाकडे वळू. काशी विश्वनाथाचं आजचं देऊळ त्यांनी १७८० मध्ये बांधून पूर्ण केलं. सोमनाथला जुन्या जागेजवळ नवं देऊळ १७८३ मध्ये उभं केलं. गयेचं विष्णुपद मंदिर १७८७ चं. आपल्या मराठवाड्यात वेरूळचं घृष्णेश्वर, परळीचं वैजनाथ आणि औंढ्याचं नागनाथ. याशिवाय काशीचे घाट, जागोजागी विहिरी, बारवा, धर्मशाळा, अन्नछत्रं आणि वाटसरूंसाठी पाणपोया. दक्षिणेतल्या देवळांना गंगेचं पाणी पोचवायची कायमची व्यवस्था त्यांनी लावली होती. नांगराच्या बैलांना भर उन्हात पाणी पाजायला माणसं नेमली. पिकांवरून हाकललेल्या पाखरांसाठी उभी वावरं विकत घेऊन मोकळी सोडली!

यातली बरीच ठिकाणं त्यांच्या राज्याबाहेर होती. काशी तर तेव्हा इंग्रज कंपनीच्या ताब्यात गेलेली होती. तलवार न उचलता, दुसऱ्याच्या मुलखात, आधी परवानगी आणि मग बांधकाम, अशी त्यांची रीत. आणि हा खर्च कुठून? खासगीतून. सासूकडून आलेल्या, बाईच्या नावावरच्या त्या उत्पन्नातून. फौजेच्या आणि राज्याच्या पैशाला त्यांनी धर्मादायासाठी हात लावला नाही, आणि धर्मादायाचा पैसा लढाईसाठी कोणाला दिला नाही. राघोबांनी एकदा खजिन्यातून रक्कम मागितली, तेव्हा या पैशावर तुळशीपत्र ठेवलं आहे, दान म्हणून हवा असेल तर हातावर पाणी सोडून देते, असं त्यांनी कळवल्याची गोष्ट सांगतात. दान घेतलं असं म्हणवून घ्यायला पेशवे कुठले तयार होतात! नुसतं बांधून त्या थांबल्या नाहीत. पुजाऱ्याला काय मिळेल, दिवाबत्तीला तेल कुठून येईल, छत्रात रोज किती पानं उठतील, यासाठी कायमचं उत्पन्न लावून दिलं. म्हणून तर त्यांची कामं टिकली.

बाहेरचं एवढं सगळं सांभाळणाऱ्या या बाईच्या घरात मात्र सुख टिकलं नाही. मुलगी मुक्ता हीच एक आशा उरली होती. चोर-लुटारूंचा बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असं त्यांनी जाहीर केलं आणि यशवंतराव फणसे नावाच्या तरुणाने ते करून दाखवलं, अशी त्या लग्नाची हकिगत आहे. मुक्ताला मुलगा झाला, नथ्याबा. आजीचा जीव की प्राण. तो ऐन तारुण्यात गेला. पाठोपाठ १७९१ मध्ये यशवंतराव गेले आणि मुक्ताबाईने सती जायचं ठरवलं.

सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्याने अहिल्याबाईंना जे सांगितलं, तेच आता त्या लेकीला सांगत होत्या. हात जोडले, पाया पडल्या, मला एकटी टाकू नकोस म्हणून विनवलं. मुक्ताने ऐकलं नाही. आई आता म्हातारी झाली, तिच्यामागे मला नवरा नाही, मूल नाही, मी कोणासाठी राहू, असा तिचा सवाल होता. सबंध राज्याला न्याय देणाऱ्या बाईकडे लेकीच्या या एका सवालाला उत्तर नव्हतं. नर्मदेकाठी चिता पेटली. आई शेवटपर्यंत तिथे उभी होती. लोकांनी धरून ठेवलं नसतं तर तीही त्यात गेली असती. नंतर तीन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत, अन्नाला शिवल्या नाहीत. मग उठल्या, लेकीच्या नावाने स्मारक बांधायला सांगितलं आणि पुन्हा कामाला बसल्या.

सतीची चाल कायद्याने बंद झाली ती १८२९ मध्ये. मुक्ताबाईला जाऊन तेव्हा अडतीस वर्षं झाली होती. अहिल्याबाईंना रूढीच्या विरोधात स्वतःपुरतं जगता आलं, कारण त्यांना अडवणारा सासरा होता आणि पुढे करायला काम होतं. मुक्ताला आई होती, पण तिच्यासमोर काम ठेवलेलं नव्हतं. एकट्या पडलेल्या बाईला नुसती माया पुरत नाही. तिच्या हाताला काम आणि नावाला काहीतरी हवं. तरच तिला उद्याचा दिवस दिसतो.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, महेश्वरला अहिल्याबाई गेल्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी राज्य केलं. १९९६ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. इंदूरच्या विद्यापीठाला आणि विमानतळाला त्यांचं नाव आहे, २०१९ मध्ये सोलापूरच्या विद्यापीठालाही मिळालं. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माला तीनशे वर्षं झाली, तेव्हा गावोगावी मिरवणुका निघाल्या. आपल्या हिंगोली जिल्ह्यात त्यांचा फोटो नाही असं गाव शोधावं लागेल. हे सगळं व्हायलाच हवं.

पण मैत्रिणींनो, येत्या ३१ मे ला हार घालून, नारळ फोडून घरी आल्यावर आणखी एक काम करा. घरातला सातबारा काढा, घराचा उतारा काढा, बँकेचं पासबुक काढा. त्यावर तुमचं नाव कुठे आहे ते बघा. लेकीला शेजारी बसवा आणि तो कागद तिला मोठ्याने वाचायला लावा. माणकोजी पाटलांनी चौंडीत लेकीला अक्षर शिकवलं होतं ते याचसाठी.